ब्याऐंशीच्या पुढची थरथर

गाडी थरथरायची, पण उगाच कधीही नाही. घरापासून भाजीबाजारापर्यंत ती शहाण्या मुलीसारखी चालायची. साठला ठीक, सत्तरला ठीक, ऐंशीलाही बोट ठेवायला जागा नाही. ब्याऐंशीला मात्र स्टिअरिंग हातात बारीक कापायला लागायचं. नव्वदला आरसा हलायचा आणि मागून येणारा एक ट्रक तीन दिसायचा. पंचाण्णवला हरकतरावांची कवळी वाजायला लागायची. पंचाण्णवच्या पुढे काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही, कारण तिथे त्यांची बायको दोन्ही हात डॅशबोर्डवर रोवून म्हणायची, "अहो, थांबवा. मी चालत जाते दादाकडे."

हरकतराव हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. कोणते आईबाप आपल्या पोराचं असं वाटोळं करतील? ते नाव कार्यालयाने ठेवलं. एकतीस वर्षं ते मंजुरी विभागात बसले आणि एकतीस वर्षांत एकही फाईल त्यांच्या टेबलावरून हरकतीशिवाय पुढे गेली नाही. पान सातवर सही आहे, मग पान आठवर का नाही? शिक्का तिरका का? त्यांच्या स्वतःच्या निरोपसमारंभाचं परिपत्रक त्यांच्याकडे आलं, तेव्हा तेही त्यांनी 'सत्कारमूर्तीची लेखी संमती जोडलेली नाही' असा शेरा मारून परत पाठवलं. समारंभ झालाच नाही. लोकांना फार आनंद झाला म्हणतात.

गाडी मूळची बायकोच्या दादाची. दादा घड्याळजी. चाळीस वर्षं लोकांच्या घड्याळांच्या पोटात डोळे घालून बसलेला माणूस, पण कुणाच्या घड्याळातला एक स्क्रू कधी इकडचा तिकडे केला नाही. आईवडील लवकर गेले. धाकट्या बहिणीला यानेच वाढवलं, शिकवलं आणि शेवटी हरकतरावांच्या हाती दिलं. या शेवटच्या गोष्टीचा त्याला पुढे पश्चात्ताप झालाही असेल, पण बोलून दाखवण्याचा स्वभाव नाही. स्वतः एकटाच राहिला. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि गाडी चालवणं बंद झालं, तेव्हा नऊ वर्षं फडक्याने पुसून पुसून वापरलेली गाडी त्याने ओळखीच्या ड्रायव्हरकरवी बहिणीच्या दारात आणून उभी केली. म्हणाला, "बसची वाट बघायची नाही आता. हायवेने दोन तास. मनात आलं की यायचं."

आणि दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला त्याचा फोन यायचा. घड्याळजीच तो, नऊ म्हणजे नऊ.

गाडी आली त्याच रविवारी हरकतरावांनी ती धुवायला काढली. दुसऱ्याची वस्तू आपली करून घेण्याचा त्यांचा मार्ग एकच: तिच्यावर जे जे अनावश्यक असेल ते ते काढून टाकायचं. एक बादली, तीन फडकी, जुना दात घासायचा ब्रश आणि मुठीला दोरा गुंडाळलेली एक बोथट सुरी घेऊन ते खाली उतरले. मागच्या काचेवरचं 'अंतर ठेवा' काढलं. पुढच्या काचेवरचे पार्किंगचे तीन बिल्ले काढले. मग सतरंजी अंथरून आडवे झाले, टॉर्च लावला आणि चाकांच्या आतल्या कडेकडे पाहून त्यांनी चक्क कपाळाला हात लावला. तिथे राखाडी धातूचे नखाएवढे तुकडे चिकटवलेले होते. एका चाकाला तीन, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला दोन, चौथ्याला चार. तेही कुठेतरी एकाच बाजूला. ना क्रम, ना शिस्त, ना समान वाटप! असला कारभार त्यांनी कुठल्याही तक्त्यात खपवून घेतला नव्हता. सुरीने त्यांनी चौदाच्या चौदा तुकडे खरवडले, डिंकाचा डागसुद्धा घासून काढला, तुकडे पाकिटात भरले, पाकिटावर तारीख आणि कोणत्या चाकाचे किती ते लिहिलं आणि पाकीट कॉफीच्या रिकाम्या बरणीत ठेवलं. बरणीवर चिठ्ठी लावली: 'वाहनातून काढलेले. अनावश्यक.'

चाणाक्ष वाचकाच्या डोक्यात आताच काही प्रकाश पडला असेल, तर त्याने कृपा करून गप्प बसावं. हरकतरावांच्या आजूबाजूचे सगळे गप्पच बसले होते.

पुढच्या शनिवारी दोघं दादाकडे निघाली, आणि ब्याऐंशीला वर सांगितला तो प्रकार झाला. अर्ध्या वाटेतून परत यावं लागलं. बायकोने दादाला फोन करून सांगितलं, "पुढच्या आठवड्यात येतो रे," आणि ती स्वयंपाकघरात गेली. हरकतराव टेबलाशी बसले. त्यांनी कागद घेतला, समास आखला आणि दादाला पत्र लिहिलं. मुद्दा क्रमांक एक, वाहन ब्याऐंशीच्या पुढे थरथरते. मुद्दा क्रमांक दोन, वाहन ताब्यात घेताना ही बाब निदर्शनास आणून देण्यात आली नाही. मुद्दा क्रमांक तीन, वाहनास पूर्वी अपघात झाला असून ते हेतुपुरस्सर दडवण्यात आले, असे मानण्यास जागा आहे. तरी सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

हे पत्र त्यांनी रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोचपावतीसह. बायकोला ते कळलं पोचपावती परत आली तेव्हा. पावतीवर दादाची सही होती, चौकटीच्या बाहेर गेलेली, कारण बिचाऱ्याला चौकट दिसलीच नव्हती.

"तुम्ही माझ्या दादाला नोटीस पाठवलीत?"

"नोटीस नव्हे. खुलासा मागवलाय."

"इतकी वर्षं संसार केला, मी तुमच्याकडे एका गोष्टीचा खुलासा मागितला नाही. मागितला असता ना, तर तुम्ही अजून पहिल्या पानावर असता!"

त्या रविवारी नऊ वाजले आणि फोन वाजला नाही. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. शेवटी तिनेच लावला. दादा म्हणाला, "बरा आहे गं. जावईबापूंचा खुलासा लिहितोय. अक्षर दिसत नाही नीट, वेळ लागेल." आणि ठेवून दिला.  त्यानंतर ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

इकडे हरकतरावांनी निदानाचं काम हाती घेतलं. सोसायटीत सल्ल्याला काय तोटा? ज्यांनी जन्मात चाकाला हात लावला नव्हता, ते जिन्यात अडवून विचारू लागले, "ब्रेक दाबल्यावर थरथरते की न दाबता?" एकाने सांगितलं पेट्रोल बदला. एकाने सांगितलं बायकोला मागे बसवून बघा. हरकतरावांनी सगळ्यांकडे तुच्छतेने पाहिलं आणि ते मोठ्या रस्त्यावरच्या टायरवाल्याकडे गेले.

टायरवाल्याने फेरी मारून पाहिलं आणि सांगितलं, "बॅलन्स गेलाय साहेब."

"गेला म्हणजे? कुठे गेला?"

"गेला म्हणजे गेला. करून देतो. तुम्ही समोर चहा घ्या, इथे मध्ये उभे राहू नका."

हरकतराव समोर बसून चहा प्यायले. तासाभराने टायरवाला हात पुसत आला. "घेऊन जा. शंभरला पळवा, पोटातलं पाणी हलणार नाही." पण तो शनिवार होता आणि संध्याकाळ झाली होती. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे गाडी धुण्याचा दिवस. टॉर्च लावून बघतात तो काय, चाकांच्या आत पुन्हा राखाडी तुकडे! या वेळी अकरा. "बघा, बघा ही माणसं!" ते एकटेच सतरंजीवर पडल्या पडल्या ओरडले. "काम करायचं सोडून कचरा चिकटवून ठेवतात!" सुरी चालली. पाकीट दुसरं. सोमवारी गाडी हायवेवर नेली. ब्याऐंशीला थरथर.

"मी म्हटलं होतं!" ते घरी येऊन म्हणाले. गाडी बिघडल्याचं दुःख त्यांना कितपत होतं देव जाणे, पण आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

मग मोठं सर्व्हिस सेंटर झालं. काचेची इमारत, गार हवा, आणि जमिनीवर एक पिवळी रेघ. रेघेपलीकडे ग्राहकाने जायचं नाही. दुसरा कुणी असता तर मान लांब करून डोकावला तरी असता. हरकतराव नियमाचा माणूस. रेघेपासून वीतभर मागे, हात पाठीशी बांधून, ते दोन तास भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले. पलीकडे त्यांच्याच गाडीच्या चाकांना काय चिकटवलं जात होतं, ते रेघेवरून दिसत नव्हतं. टाय लावलेला सल्लागार आला. "सर, बेचाळीस गोष्टी तपासल्या. आम्ही स्वतः शंभरला चालवली. एकदम लोण्यासारखी."

"लेखी द्या," हरकतराव म्हणाले.

लेखी घेतलं. आला रविवार. चाकांत बारा तुकडे, या खेपेला जरा नीट ओळीत, पण तरीही एकाच बाजूला. सुरी, पाकीट तिसरं. मंगळवारी हायवे, ब्याऐंशी, थरथर. या वेळी हरकतरावांनी सर्व्हिस सेंटरला पत्रच धाडलं: 'आपल्या कामगारांनी माझ्या वाहनाच्या चाकांत धातूचे बारा तुकडे बेजबाबदारपणे चिकटवून ठेवल्याचे आढळले. सदर तुकडे मी स्वखर्चाने काढले असून पुरावा म्हणून जपून ठेवले आहेत.' आता तिथे हे पत्र एका तरी माणसाने वाचलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. तिसऱ्या दिवशी छापील उत्तर आलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. आपण आमच्या सेवेवर समाधानी आहात हे वाचून आनंद झाला.'

वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहत. पदार्थविज्ञानाचे. इतके दिवस ते कुणीतरी विचारील म्हणून वाट बघत होते. कुणी विचारेना, तेव्हा स्वतःच खाली आले. "प्रत्येक वस्तूची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते," त्यांनी दारातच सुरू केलं. "आपण प्रयोग करू. मला फक्त एक पेला पाणी लागेल." काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला मांडीवर धरून ते हरकतरावांच्या शेजारी बसले. ऐंशीपर्यंत पाण्यावर सुरकुती नाही. "नोंद घ्या!" प्राध्यापक म्हणाले. ब्याऐंशीला वलयं उठली. "वलयं! नोंद घ्या!" अठ्ठ्याऐंशीला सगळा पेला त्यांच्या मांडीत रिकामा झाला, आणि ती नोंद कुणीच घेतली नाही. परत आल्यावर प्राध्यापक पिशवी पुढे धरून तीन मजले चढले. जिन्यातल्या बायकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. निष्कर्ष त्यांनी चिठ्ठीवर लिहून पाठवला, 'दोष रस्त्यात आहे.' हा मनुष्य तीस वर्षं मुलांना शिकवत होता!

राहता राहिलं सरकार. गाडी सदोष असल्याचं सरकारी प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे दादापुढे, सर्व्हिस सेंटरपुढे आणि विशेषतः बायकोपुढे ते आपटता आलं असतं. हरकतराव वाहन तपासणी कार्यालयात गेले. खिडकी चार. आत एक कारकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"काय होतं गाडीला?"

"थरथरते."

"वीसवर थरथरते?"

"वीसवर कशी थरथरेल? ब्याऐंशीच्या पुढे थरथरते."

"आमचं तपासणीचं पटांगण दोनशे पावलांचं आहे. तिथे वीसच्या वर परवानगी नाही. अर्जात ब्याऐंशीचा रकानाही नाही."

"अहो, पण रकाना नाही म्हणून थरथर नाही असं होतं का?"

कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. "पान दोनवर सही आहे. पान तीनवर का नाही?"

हरकतराव पान तीन उलटसुलट करून बघायला लागले. हे वाक्य त्यांनी स्वतः हजारदा उच्चारलं होतं. खिडकीच्या या बाजूने ते इतकं लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. क्षणभर त्यांना त्या सगळ्या माणसांची आठवण झाली. पण ती आठवण जेमतेम जिन्यापर्यंत टिकली. गाडी पटांगणात वीसने फिरवली गेली, आणि संध्याकाळी शिक्क्यासह प्रमाणपत्र मिळालं: 'वाहन थरथरत नाही.'

ते घेऊन घरी आले तर बायको बॅग भरत होती.

"बुधवारी अकराला दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "त्याने सांगितलं नाही, शेजारणीने कळवलं. सहा रविवार झाले, माझ्या भावाचा फोन आलेला नाही. आपली बहीण आपल्याला लबाड समजते असं वाटतंय त्याला. ऑपरेशनला त्याच्याजवळ दुसरं कोण आहे? मी त्या दिवशी सकाळी सहाच्या बसने जाणार. तुम्ही या मागून गाडीने. प्रमाणपत्र आहे ना? वीसवर या."

तिने पाठ फिरवून डोळे पुसले. हरकतराव प्रमाणपत्राची घडी घालायला लागले. मग तीच म्हणाली, "उद्या मंगळवार आहे. टॅक्सीस्टँडवर विचारून आले मी. जे लोक दिवसभर गाडी चालवतात ते कुणाकडे जातात, हे इतक्या दिवसांत तुम्ही कुणाला विचारलंत? वखारीमागे उस्ताद म्हणून आहे. शेवटचं. आणि मी बरोबर येणार."

उस्तादाच्या गॅरेजात खुर्ची नव्हती आणि पिवळी रेघही नव्हती. साठी उलटलेला, चष्म्याच्या काड्यांना सुतळी बांधलेला माणूस. त्याने गाडी जॅकवर चढवली आणि टॉर्च सरळ हरकतरावांच्या हातात दिला. "धरा. हलवू नका." चाक फिरवलं, थांबवलं, आतल्या कडेवरून बोट फिरवलं. मग दुसरं चाक, मग तिसरं. चौथ्या चाकापाशी तो उकिडवा बसून राहिला.

"साहेब, इतकं चकचकीत चाक मी जन्मात पाहिलं नाही. यात जेवायला वाढावं. धुतं कोण?"

"मी स्वतः," हरकतरावांची छाती फुगली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एका जाणत्या माणसाने कौतुक केलं होतं.

"आतूनसुद्धा?"

"आतूनसुद्धा. धुवावंच लागतं, तुमच्या धंद्यातल्या लोकांना शिस्त नाही म्हणून! थांबा, पुरावा दाखवतो." त्यांनी डिकीतून कॉफीची बरणी आणली आणि तिन्ही पाकिटं बॉनेटवर ओळीने मांडली. "पहिलं, मूळ मालकाच्या वेळचं. दुसरं, टायरवाल्याच्या माणसांनी चिकटवलेलं. तिसरं, सर्व्हिस सेंटर. एकूण सदतीस तुकडे. प्रत्येकावर तारीख आहे."

उस्तादाने पहिलं पाकीट उचललं. वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचलं. मग शेजारच्या वेल्डरला हाक मारली, "अरे, ते सोड, इकडे ये! बघून घे, पुन्हा दिसणार नाही." वेल्डर आला. त्याने बरणी वाचली आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"साहेब," उस्ताद म्हणाला, "कुठलंही चाक सगळीकडून सारखं जड नसतं. जिथे हलकं पडतं तिथे हे वजन चिकटवतात, म्हणजे जोरात फिरताना चाक नाचत नाही. म्हणून कुठे तीन, कुठे पाच. हळू चालवलंत तर काही कळत नाही, ऐंशीच्या पुढे कळतं. तीनदा लोकांनी तुमची गाडी नीट केली आणि तीनदा तुम्ही ती बिघडवलीत. चोर मी पुष्कळ पाहिलेत. पण मुद्देमालावर तारीख टाकून, बरणीत भरून, स्वतःच्या हाताने आणून देणारा चोर हा पहिलाच!"

"दोनदा," हरकतराव क्षीण आवाजात म्हणाले. "लोकांनी दोनदा. पहिल्यांदा ती बिघडलेलीच नव्हती." आकडा चुकला तर दुरुस्त करायचा, ही सवय. आपण काय बोललो ते त्यांना नंतर कळलं. टॉर्च त्यांच्या हातात नुसता लटकत राहिला.

"पण... मला हे कुणी सांगितलं नाही!"

"तुम्ही विचारलंत कुणाला?"

हरकतरावांनी आठवून पाहिलं. खुलासे त्यांनी सगळ्यांकडे मागितले होते. 'हे काय आहे हो?' एवढं मात्र कुणालाच विचारलं नव्हतं. बायको पुढे झाली. तिने पाकिटं बरणीत भरली, झाकण घट्ट लावलं आणि बरणी आपल्या पिशवीत टाकली. "दादाला दाखवायची आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी हरकतराव पत्र लिहायला बसले. हरकत काढण्याचे बावीस नमुने त्यांना पाठ होते. हरकत मागे घेण्याचा एकही नव्हता. पहिला मसुदा: 'प्रस्तुत प्रकरणी काहीसा गैरसमज झाल्याचे निदर्शनास आले आहे.' बायकोने वाचला. "कुणाचा गैरसमज? कुणाच्या निदर्शनास?" परत. दुसरा मसुदा: 'तांत्रिक माहितीच्या अभावी...' परत. तिसरा 'उभयपक्षी' या शब्दावरून परत. चौथ्याला ती म्हणाली, "सही कुठाय?" आणि परत. पाचवा मसुदा चार ओळींचा होता. तो तिने दोनदा वाचला, घडी घातली आणि त्यांच्याच खिशात ठेवली.

बुधवारी गाडी शंभरला पळाली. पोटातलं पाणी हललं नाही. बायकोचे हात डॅशबोर्डवर नव्हते; मांडीवर बरणी धरून ती पुढे बघत बसली होती. बसचं तिकीट तिने रद्द केलं नव्हतं, हे तिने अर्ध्या वाटेत सांगितलं.

ऑपरेशन झालं. दादाला वॉर्डात आणलं, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू. आठ खाटा, आठही जणांच्या डोळ्यांना काही ना काही बांधलेलं. बहिणीने हात धरला तेव्हा त्याने ओळखलं. मग विचारलं, "बरोबर कोण आहे?"

हरकतराव पुढे झाले आणि त्यांनी पत्र त्याच्या हातात दिलं. दादाने कागद चाचपला. "मला वाचता येत नाही जावईबापू. तुम्हीच वाचा."

हे मात्र हरकतरावांच्या हिशेबात नव्हतं. पत्र दिलं की सुटलो, अशी त्यांची कल्पना होती. त्यांनी घसा साफ केला, आजूबाजूला पाहिलं आणि वाचलं, "दादा, गाडी चांगली होती. चाकांची वजनं मीच खरवडून काढली. तुमच्यावर नको तो आळ घेतला. माझं चुकलं, मला माफ करा."

"पुन्हा वाचा," दादा म्हणाला. "डोळा बांधलाय, नीट ऐकू आलं नाही."

हरकतरावांनी पुन्हा वाचलं. मोठ्याने. शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. "काय खरवडलं म्हणाले?" पलीकडून कुणीतरी सांगितलं, "चाकाचं वजन. मेव्हण्याच्या गाडीचं. जरा परत वाचा हो, या बाजूला पोचलं नाही." तिसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज फुटला. त्यांना खरोखर लाज वाटत होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा आपल्याच कागदावर काढायला त्यांच्याजवळ हरकत उरली नव्हती.

बहिणीने बरणी दादाच्या हातात दिली. त्याने झाकण उघडून एक तुकडा काढला, दोन बोटांत धरला. "पाच ग्रॅम," तो म्हणाला. दुसरा काढला. "हा दहा." मग त्याने उशीखाली हात घालून एक घडी केलेला कागद काढला. "माझा खुलासा. अर्धाच झालाय. सात दिवसांत द्यायचा होता, जमलं नाही." कागदावर ओळीवर ओळ चढली होती, शब्दावर शब्द. बहिणीला फक्त पहिलं वाक्य लागलं: 'गाडीला अपघात झालेला नाही, माझ्या ताईची शपथ.' धाकटी असली तरी तो तिला ताईच म्हणायचा. ती तिथेच खाटेवर बसून रडली. हरकतराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले, पण त्यांनाही अक्षर दिसत नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी हरकतराव खाली गाडी धुत होते. बाहेरून झाली, काचा झाल्या. सवयीने सतरंजी अंथरली, आडवे झाले, टॉर्च लावला. उस्तादाने नवी वजनं लावली होती. एका चाकाला सहा, दुसऱ्याला एक! एक! त्यांनी पुन्हा मोजलं. सुरी बादलीजवळच पडली होती.

वर फोन वाजला. नऊ वाजले होते. बायको बोलत बोलत गॅलरीत आली.

"अहो!" तिने वरून हाक मारली. "दादा विचारतोय, सुरी कुठाय?"

हरकतरावांनी सुरीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "वर पाठवतोय म्हणावं," ते म्हणाले, आणि सुरी फडक्यात गुंडाळून जिना चढायला लागले.